किल्ली गाडीतच

आजोबांनी घरी आणलेली गाडी आमची नाही हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेही हातमोज्यांमुळे. पुढच्या काचेपाशी गुलाबी रबरी हातमोजे पडले होते. आजोबा गुलाबी काही वापरत नाहीत. मग मी मागे जाऊन नंबर वाचला. तो आमचा नव्हता.

बाकी सगळं आमच्यासारखंच होतं. पांढरा रंग, दोन माणसं मावतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, काच खाली करायला हाताने फिरवायचा दांडा, सीटवर छाटणीची कात्री. किल्ली जागच्या जागी लटकत होती. आमच्याकडे ती कुणी काढतच नाही. बागांकडे जाणारी वाट एका गाडीपुरती रुंद आहे. तुमची गाडी वाटेत उभी असली तर मागून येणाऱ्याला ती हलवता आली पाहिजे.

आजोबा आत सूप पीत होते.

"आजोबा, बाहेर कुणाची गाडी आहे?"

"आपली."

"नंबर वेगळा आहे."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहिलं. "गाडीचा नंबर कोण बघतं?" असं म्हणून पुन्हा वाटी उचलली.

मी हे आईला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. आई मात्सुयामा शहरात राहते. ती हसली नाही.

"एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस दुसऱ्याची गाडी घरी घेऊन येतो, रात्रभर दारात ठेवतो आणि त्याला पत्ता नाही. यात हसण्यासारखं काय आहे, इबुकी?"

"गाड्या सगळ्या सारख्याच आहेत गं."

"अशी माणसं रोज पेपरात येतात. ब्रेकऐवजी भलतंच दाबतात आणि दुकानात शिरतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. पोलिसांनी आभार मानले, बसच्या तिकिटात सवलत दिली."

"इथे बस येत नाही."

"मग बाबा माझ्याकडे येतील. सहाव्या मजल्यावर खोली रिकामी आहे."

सहाव्या मजल्यावर आजोबा काय करतील, हे आम्ही दोघींनीही उच्चारलं नाही. त्यांची संत्र्यांची बाग समुद्रावरच्या उतारावर आहे, पायऱ्यापायऱ्यांची. भरलेले क्रेट पाठीवर घेऊन तिथून उतरण्याचं त्यांचं वय राहिलेलं नाही. गाडी गेली की बाग गेली, आणि बाग गेली की मग सहावा मजलाच.

"रविवारी येते मी," आई म्हणाली. "तोवर तू बघ. एवढं सायन्स शिकलीस ना? मला हो की नाही तेवढं सांग. डोकं चालतंय की नाही."

मी संत्री निवडायच्या शेडमध्ये नोकरी करते. आमच्याकडे एक यंत्र आहे. ते संत्र्यातून प्रकाश सोडतं आणि फळ न कापता आतली साखर सांगतं. त्याची अचूकता तपासणं हे माझं काम. त्यामुळे आईला वाटतं, मला न कापता आतलं कळतं.

आधी गाडी परत करायला हवी होती. गुलाबी हातमोजे म्हणजे तोमीआजी. आजोबांच्या शाळेतल्या वर्गमैत्रीण, वरच्या वळणावर राहतात. मी गाडी घेऊन गेले तर त्यांच्या अंगणात एक पांढरी गाडी उभीच होती.

"तोमीआजी, तुमची गाडी आणलीय."

"माझी ही काय इथे आहे."

मी मागे जाऊन नंबर पाहिला. "ही तुमची नाही."

"चालते तर आहे!" मग त्यांनी मी आणलेल्या गाडीत डोकं घातलं. "अगं बाई, माझे मोजे! कालपासून शोधतेय."

सगळा उलगडा होऊन गाड्या आपापल्या घरी जायला दुपार झाली. आदल्या दिवशी शेडवर खालच्या बागेतल्या किकुचीकाकांची गाडी तोमीआजींच्या गाडीपुढे आडवी लागली होती. आजींना घाई होती, त्या काकांचीच घेऊन गेल्या. काका बाहेर आले आणि शेजारची घेऊन गेले. ती आमची होती. सगळ्यात शेवटी आजोबा आले. तोमीआजींची तेवढी उरली होती.

"म्हणजे आजोबांची चूक नाहीच," मी म्हणाले. "त्यांनी उरलेली घेतली."

"उरलेली म्हणून घेतली की आपली म्हणून घेतली, हे त्यालाच विचार. सभा संपल्यावर बूट घालतेस ना दाराशी? शेवटी निघणाऱ्याला राहिलेले मिळतात. तो काय चौकशी करत बसतो?"

"पण बूट आणि गाडी..."

"बूट महाग पडतात. पायाला लागतात." तोमीआजींनी हौद्यावर थाप मारली. "हिच्यात काय आहे? चार चाकं असलेलं याहून स्वस्त काही मिळत नाही. बिघडेल असं काही नाही आणि मिरवावं असं तर काहीच नाही."

संध्याकाळी मी आजोबांना विचारलं, "ती एकच उरली होती म्हणून घेतलीत का?"

त्यांनी विचार केला. "तिथे होती. घेतली."

हे उत्तर दोन्ही बाजूंनी चालत होतं.

दोन वर्षांपूर्वी आईने त्यांना एक नवी गाडी घेऊन दिली होती. पुढे काही आलं की आपोआप ब्रेक लावणारी, मागे घेताना बोलणारी. दुसऱ्याच वळणावर तिचा आरसा दगडी बांधाला घासला. मग आजोबांनी ती धुऊन, पुसून आईला परत केली. "थांबते ती, बोलते ती," ते म्हणाले होते, "मी कशाला बसायचं आत?" मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. आता वाटायला लागलं की तेव्हाच काहीतरी सुरू झालेलं असणार. एकदा शंका घ्यायची ठरवली की जुन्या सगळ्या गोष्टी रांगेत येऊन उभ्या राहतात.

म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं.

शेडवर आजोबा आत चहा पीत बसले होते. मी आमची गाडी पार टोकाला नेऊन लावली आणि तिच्या जागी किकुचीकाकांची आणून ठेवली. मग दाराशी उभी राहिले. आजोबा आले, थेट त्या जागेवर गेले, आत बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. नंबर सोडा, त्यांनी गाडीकडेही पाहिलं नाही.

मी धावत जाऊन शेजारी बसले. थांबवायलाच बसले होते. पण तेवढ्यात त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि थांबवायचं राहूनच गेलं.

आमच्या गाडीचा दुसरा गिअर अडतो. दांडा आधी तिसऱ्याकडे जरा ढकलावा लागतो आणि मग ओढावा लागतो. आजोबा हे वर्षानुवर्षं करत आलेत, बोलता बोलता, न बघता. आत्ता त्यांनी ते केलं नाही. दांडा सरळ दुसऱ्यात टाकला.

"आजोबा, गिअर?"

"काय झालं गिअरला?"

"काही नाही."

ते थोडं पुढे गेले आणि म्हणाले, "आज गाडी बरी चालतेय."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या हाताला ठाऊक होतं की ही गाडी दुसरी आहे. मग डोक्याला का नव्हतं? की होतं? हातालाच ठाऊक असेल आणि त्याने वर कळवलं नसेल, असं होऊ शकतं का? आणि लायसन्स नक्की कशाला देतात, डोक्याला की हाताला?

घरी पोहोचल्यावर मला माझ्या प्रयोगातली मूळ चूक दिसली. मी फक्त एकाच माणसाला तपासलं होतं. बाकीचे काय करतात हे माहीत नसेल तर आजोबांच्या वागण्याला काही अर्थच नव्हता. मग पुढचे दोन दिवस मी सगळ्यांच्या गाड्या हलवल्या. किकुचीकाका पन्नाशीतले, डोक्याने तल्लख. त्यांनी भलत्याच गाडीत बसून आरसा नीट केला आणि शीळ घालत निघून गेले. तोमीआजींनी तर बसल्यावर सीट पुढे ओढली, "कोण मेला मागे सरकवतो रोज," म्हणून चरफडल्या आणि गेल्या. कुणी गाडी ओळखत नव्हतं. सगळे जागा ओळखत होते.

तिसऱ्यांदा तोमीआजींनी मला स्टिअरिंगवरच पकडलं.

"तू हलवतेस होय! आणि मी म्हणतेय, माझं डोकं गेलं."

मी सगळं सांगितलं. आईचं, लायसन्सचं, सहाव्या मजल्याचंही. त्या हसायच्या थांबल्या.

"आणि तू काय करतेस? बसताना?"

"मी नंबर वाचते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "झोप लागते ना गं नीट?"

रविवारी सकाळी त्या वाडगं भरून माशाच्या तळलेल्या वड्या देऊन गेल्या. आजोबांशी दारात उभं राहून काहीतरी कुजबुजल्या. त्यानंतर तासाभरात आई आली. तिची मोठी करडी गाडी तिने खाली रस्त्यावरच ठेवली.

"मी बाबांच्या शेजारी बसते," ती म्हणाली. "वर बागेपर्यंत. मला बघू दे."

मी मागे हौद्यात, रिकाम्या क्रेटांमध्ये बसले. वाट चढायला लागली. डावीकडे बांध, उजवीकडे खाली समुद्र. केबिनच्या मागच्या काचेतून मला आईचा हात दिसत होता, दाराच्या मुठीवर घट्ट. पहिलं वळण आलं. आजोबांनी गिअर बदलला. दांडा सरळ दुसऱ्यात गेला.

मी क्रेट बांधायच्या दोरीकडे पाहिलं. आमची दोरी निळी आहे. ही हिरवी होती. मी हौद्याच्या मागच्या फळीवरून पोटावर लटकून, उलटं डोकं करून नंबर वाचला. तोमीआजींची गाडी. सकाळी त्या आमची घेऊन गेल्या होत्या, आणि मी, दर वेळी नंबर वाचणारी, ही गाडी दारात उभी होती म्हणून तशीच हिच्यात चढले होते.

वर पोहोचल्यावर आजोबांनी गाडी वळवली. तिथे वळवायला एका खोलीएवढी जागा आहे आणि तिन्ही बाजूंना उतार. त्यांनी ती थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा थोडी पुढे घेतली आणि तोंड खाली करून उभी केली. आई उतरली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला होता.

"चालवतात तर छान," ती मला हळूच म्हणाली. "आता सांग. हो की नाही?"

मी नुसती मान हलवून मोकळी झाले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता.

"आई, ही गाडी आपली नाही."

आईचा चेहरा पांढरा पडला. तिने वळून पाहिलं. आजोबा एका झाडाखाली उभे राहून संत्रं सोलत होते. "तोमीची आहे," ते म्हणाले. "आपली दुसऱ्यात अडते. ही अडत नाही."

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग घेतली कशाला?"

"दारात होती."

"आणि आपली?"

"तोमीकडे. तिची टाकी रिकामी होती. येताना भरायला सांगितलीय मला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांकडे. आठवडाभर जे विचारायचं होतं ते मी आता सरळ विचारलं. "आणि त्या दिवशी? गुलाबी मोजे होते तेव्हा? तेव्हाही माहीत होतं?"

त्यांनी संत्र्याचे दोन भाग केले. एक आईला दिला, एक मला. मग हात पँटला पुसले.

"त्या दिवशीचं नाही सांगता येत. तू विचारलंस तेव्हापासून मी तोच विचार करतोय. माहीत होतं, असं वाटतं. पण तू विचारलंस म्हणून आता तसं वाटत असेल तर?"

मी माझ्या भागातल्या दोन फोडी त्यांना परत दिल्या.

"डोकं गेलेला माणूस असं बोलेल का?" आईने मला विचारलं.

"माहीत नाही."

"नक्की काय शिकलीस तू?"

आम्ही तिघंही संत्रं खात उभे राहिलो. मग आईने ठरवलं, तिच्या पद्धतीने, कुणाकडे न बघता. "हंगाम संपेपर्यंत लायसन्स राहू दे. मग मी येईन आणि पुन्हा शेजारी बसेन. दर हंगामाला बसेन. पण खालच्या मोठ्या रस्त्यावर तुम्ही नाही चालवायची, बाबा. तिथे इबुकी चालवेल."

"ही?" आजोबा म्हणाले. "ही प्रत्येक पाटी थांबून वाचते."

पण नाही म्हणाले नाहीत. किल्ली फिरवताना मात्र त्यांचा हात जरा वेळ तिच्यावर तसाच राहिला. आई खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होती.

उतरून घरी आलो तर अंगणात एक पांढरी गाडी उभी होती. या वेळी माझ्या आधी आईच तिच्या मागे गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

"इबुकी, आपला नंबर काय?"

मी सांगितला. ती तशीच वाकलेली राहिली.

"तोमीमावशींचा?"

तोही सांगितला. खरं तर तोमीआजींची गाडी आमच्या मागेच उभी होती, इंजिन अजून गरम.

"मग ही कुणाची आहे?"

आजोबांनी तोवर तिचं दार उघडलं होतं आणि आपली कात्री सीटवर ठेवली होती.