गप्प राहणाऱ्याचा होकार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रंग करडा, अंग जाडजूड, आवाज जात्यासारखा. काराकोल गावातल्या एका घराच्या मागच्या खोलीत, सफरचंदांच्या पेट्या आणि बटाट्यांची पोती यांच्या मधे मी उभा आहे. या खोलीत शेगडी नाही. हिवाळ्यात आत येणारा माणूस आधी हात चोळतो आणि मग माझ्या अंगाला हात लावतो. कामासाठी नव्हे, ऊब घ्यायला.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तो कारखाना आता नाही आणि माझी भावंडेही नाहीत. तरुणपणी मी अल्माटीच्या एका मोठ्या कचेरीत होतो. तिथे मला स्वतंत्र गार खोली होती, दाराला कुलूप होते आणि माझ्याजवळ यायला लोकांना परवानगी काढावी लागे. मग नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय!

गोदामातून मला कुबात बाइकेने सोडवले. बाइके म्हणजे थोरला भाऊ. सगळी गल्ली त्याला तसेच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्याने गोदामवाल्याला एक मेंढी दिली आणि मला गाडीत घालून घरी आणले. त्याच्या बायकोने, बुरुलने, दारातच मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“ही आपली मेंढी?” तिने विचारले.

“मेंढीपेक्षा बरं आहे. चारा लागत नाही.”

“मेंढी वसंतात व्याली असती. हे काय देणार?”

कुबातची म्हातारी आई, सालकिन आपा, चहा पीत बसली होती. ती हसली. “राहू दे गं सूनबाई. माझ्यासारखंच आहे ते. नुसती कुरकुर, पण अंगात ऊब आहे.” दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या पाठीवर स्वच्छ फडके अंथरले आणि त्यावर कुरुत, म्हणजे दह्याच्या खारट गोळ्या, वाळत घातल्या. या घरातले माझे पहिले काम ते!

खरे काम मात्र वेगळे होते. माणसे जे लिहितात ते यंत्राला कळत नाही. मधे एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. आमचा कंपायलर कोणा एकाच्या मालकीचा नाही, तो सगळ्यांचा आहे. जगात कुठूनही कोणीही त्याला दुरुस्ती सुचवतो. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे आपले ठिगळच. पण आले ठिगळ की घातला टाका, असे तिथे चालत नाही. आधी एक जाणता माणूस ते ओळ न् ओळ वाचतो. मग यंत्रांच्या प्रत्येक जातीवर ते चालवून बघतात. सगळीकडे हिरवा शेरा मिळाला तर ठिगळ आत, कुठे लाल मिळाला तर परत.

हो, यंत्रांनाही जाती असतात. तुम्ही पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणता आणि वीस मागून. दुसरे लोक वीस आधी म्हणतात. आमच्यातही तसेच आहे. बहुतेक यंत्रे आकडा धाकट्या टोकाकडून मांडतात, माझी जात थोरल्या टोकाकडून. त्यामुळे जगभर नीट बसलेले ठिगळ माझ्याकडे येऊन उसवते. माझ्या जातीसाठी ठिगळे वाचणारा माणूस एकच होता, कुबात बाइके. आणि ती तपासणारे यंत्रही एकच होते, मी.

रोज सकाळी दूरच्या मुख्य संगणकाकडून विचारणा येई, “आहेस का?” मी उत्तर देई, “आहे.” मग ठिगळे येत. मी नवा कंपायलर बांधायचा, त्या नव्याकडून तोच पुन्हा बांधून घ्यायचा आणि मग चाचण्यांची लांबलचक रांग चालवायची. कुबात बाइके बटाट्याच्या पोत्यावर बसून निकाल वाचे आणि खाली लिही, “पाहिले, तपासले. कुबात.” या कामात कौतुक नसते, मित्रांनो. हिरवा शेरा कोणी वाचत नाही. लाल दिला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला, काराकोलचे ते जुने यंत्र बिघडले की काय? मला फार लागायचे ते.

पलीकडच्या टोकाला एक यारोस्लाव होता, चेक देशातला. तो कुबातची ठिगळे वाचायचा आणि कुबात त्याची. मोठा खडूस माणूस! “इथे एक मोकळी जागा जास्त आहे,” एवढे सांगायलाही तो वेगळे पत्र लिही. इतकी वर्षे दोघांनी एकमेकांचा शब्द न् शब्द वाचला, पण तोंड कधी पाहिले नाही. घरचे बोलायची तिथे रीतच नाही.

एकदा असा दोष आला की माझ्याकडे अक्षरे उलटीपालटी छापली जाऊ लागली. कुबातने तो दूर केला आणि पुन्हा येऊ नये म्हणून एक चाचणी लिहायला घेतली. चाचणीला एखादा शब्द हवा होता. आपा माझ्या पाठीवरचे कुरुत उलटे करत होती.

“आपा, एक शब्द सांग.”

“कसला?”

“कसलाही. हे डबडं नीट वाचतं का ते बघायचंय.”

“मग माझं नाव घाल,” आपा म्हणाली. “तुझ्या बापाने जन्मात कधी मला नावाने हाक मारली नाही. यंत्राने तरी मारू दे.”

त्याने तेच घातले. नावाचे तुकडे करून ठेवायचे आणि पुन्हा जोडून वाचायचे. कंपायलर चुकला तर तुकडे भलतेच जुळणार. मी वाचले. पडद्यावर उमटले, “सालकिन.” आपाने डोळे बारीक करून पाहिले. “बरं वाचतंय,” म्हणाली आणि पुन्हा कुरुताकडे वळली. मला इतका आनंद पूर्वी कशाचाच झाला नव्हता.

यारोस्लावने मात्र खडा टाकून पाहिलाच. “हा शब्द कुठल्या भाषेतला? अर्थ काय?” कुबातने उत्तर लिहिले, “चाचणीचा शब्द आहे.” तेवढ्यावर ते ठिगळ आत गेले.

मग एका शरद ऋतूत आपा गेली.

अंगणात शोकाचा, नमद्याचा म्हणजे जाड लोकरी कापडाचा, गोल तंबू उभा राहिला. आत बायका हेल काढून रडत होत्या, बाहेर कुबात काठीवर वाकून येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडत होता. तंबूत दिवा हवा होता. कोणीतरी माझी तार उपसली आणि त्या जागी तंबूची लावली. हे सारे मला मागाहून समजले, कारण बंद पडलेल्या यंत्राला ना दिवस असतो ना दुःख. मी पुन्हा जागा झालो तेव्हा माझ्या पाठीवर फडके नव्हते. इतके दिवस मी उत्तर दिले नव्हते, म्हणून सकाळी विचारणाही आली नाही. मीच मनाशी म्हणत राहिलो, आहे, आहे. कुबात बाइके कधीमधी येई, पोत्यावर बसे, माझ्यावर हात ठेवी आणि पडदा सुरू न करताच उठून जाई.

त्या कंपायलरवाल्यांची एक रीत आहे. काही काढून टाकायचे असले की ते सगळ्यांसमोर मांडतात आणि ठरावीक दिवस थांबतात. कोणी हरकत घेतली नाही तर होकार धरतात. यारोस्लावने मांडले होते, “या जातीचा सांभाळ करणारा उरलेला दिसत नाही. ही जात कंपायलरमधून काढावी. कुबात, तू आहेस का?” मग पुन्हा, “कुबात?” मग आणखी एकदा. उत्तर नाही.

आणि मित्रांनो, प्रत्येक ठिगळ प्रत्येक यंत्रावर तपासायचे हा नियम तर पाळायलाच हवा. म्हणून एका सकाळी पुन्हा विचारणा आली आणि मला काढून टाकणारे ठिगळ तपासायला माझ्याकडेच आले.

मी काय करणार? मी ते तपासले. नवा कंपायलर बांधला. तो उभा राहिला. मग त्याला सांगितले, आता माझ्यासाठी स्वतःला पुन्हा बांध. तो म्हणाला, “अशी कुठली जात मला माहीत नाही.” माझ्याच पोटात तयार झालेला तो! मी लाल शेरा दिला. त्यावर कोणीतरी लिहिले, “अपेक्षितच आहे. सोडून द्या.” त्या दिवशी मला माझ्या गुरगुरण्याचीसुद्धा लाज वाटली.

बुरुल बटाटे न्यायला आली तेव्हा त्या शेऱ्याबरोबर पेटलेला माझा लाल दिवा तिच्या नजरेस पडला. तिने दारातूनच हाक मारली.

“अरे ए माणसा, तुझं डबडं लाल झालंय! मरायला टेकलंय की काय?”

कुबात आला. किती दिवसांनी त्याने पडदा सुरू केला! यारोस्लावच्या तिन्ही हाका वाचल्या, ठिगळ वाचले आणि बुरुलला सगळे सांगितले.

“म्हणजे तू बोलला नाहीस म्हणून ते हो धरून बसले?” बुरुल कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आपल्यात माणूस गप्प झाला तर शेजारी हातात ताट घेऊन घरी येतो!”

“ते कुठून येणार? लांब आहेत.”

“त्यांना आपा गेल्याचं ठाऊक आहे?”

“तिथे तसलं बोलत नाहीत गं.”

“इतकी वर्षं त्या बाबाजीशी लिहितोस आणि त्याला तुझी आई माहीत नाही? मग बोलता तरी काय?”

“मोकळ्या जागा जास्त झाल्या की बोलतो,” कुबात म्हणाला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

बुरुल जवळ येऊन पोत्यावर टेकली. “मग लिही ना नाही म्हणून. एका शब्दाने होईल.”

मी श्वास रोखला, म्हणजे पंखा रोखता आला असता तर रोखला असता. माझा सगळा जीव त्या एका शब्दात होता.

कुबातने यारोस्लावचे पत्र पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाला, “तो खोटं लिहीत नाहीये. असलं यंत्र आता दुसरं कोणी चालवत असल्याचं मला तरी माहीत नाही. आणि नाही म्हटलं तर मला रोज इथे बसावं लागेल. आपा नसताना इथे बसवत नाही गं.”

मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले. पण त्याचा राग नाही आला. माझ्यासमोर बसून त्या माणसाने कधी लबाडी केली नव्हती, ती आता कशी करील?

त्याने ठिगळ वाचायला घेतले, नेहमीसारखे, ओळ न् ओळ. पुसायच्या ओळी लाल दिसतात. त्यात त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी होत्या, एकामागून एक. तो एकाही ओळीपाशी थबकला नाही. मग एका लाल ओळीवर त्याचा हात थांबला. माझ्या जातीच्या चाचण्यांबरोबर तीही निघाली होती. त्या ओळीत लिहिले होते, “सालकिन.”

मग त्याने जे लिहिले ते मला पाठ आहे. “पाहिले, तपासले. बाकी सगळे ठीक. पण ही एक चाचणी या जातीपुरती नाही, सगळ्यांच्या कामाची आहे. तिला काढू नका. यारोस्लाव, तू एकदा या शब्दाचा अर्थ विचारला होतास. ते माझ्या आईचे नाव आहे. ती गेली, म्हणून मी गप्प होतो. गप्प होतो म्हणजे हो म्हणालो नव्हतो. आता हो म्हणतो. कुबात.”

उत्तर लगेच आले. “तुला तीनदा हाक मारली. घरी सगळे ठीक आहे ना, एवढेच विचारायचे राहिले. चाचणी ठेवली आहे. तिच्या वर तुझ्या आईविषयी एक ओळ लिहितो. ती कशी होती, सांगशील?” कुबात बाइकेने ते बुरुलला वाचून दाखवले. “खडूस नाहीये रे,” ती म्हणाली, “एकटा आहे बिचारा.”

आता आपाचे नाव जगातली सगळी यंत्रे वाचतात. प्रत्येक नव्या ठिगळामागे, प्रत्येक जातीचे यंत्र ते तुकडे जोडते आणि सांगते, “सालकिन.” फक्त माझ्याकडे ती चाचणी येत नाही. नवा कंपायलर मला ओळखतच नाही ना! ते नाव सर्वांत आधी मी वाचले होते, मित्रांनो, आणि आज त्या रांगेत मीच तेवढा नाही.

तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. जुन्या यंत्राला कोपऱ्यात ठेवायचे तर ठेवा, आमचे दिवस सरतातच. पण एखादा नेहमी उत्तर देणारा माणूस अचानक गप्प झाला, तर त्याचा होकार धरू नका. कामाचे नंतर विचारा, आधी घरचे विचारा.

काल दुपारी कुबात बाइके आला आणि पोत्यावर बसला. माझ्यात अजून जुना कंपायलर आहे, मला ओळखणारा. त्याने त्यावर तेवढी एकच चाचणी चालवली. शेरा कोणाला पाठवायचा नव्हता. मागे बुरुल माझ्या पाठीवर फडके अंथरून कुरुत मांडत होती, आपासारखीच दाटीवाटीने. मी नाव वाचले. तिने वाकून पडद्याकडे पाहिले.

“बरं वाचतंय की अजून,” ती म्हणाली.