अर्ध्या दोऱ्या

मेंदूचा झटका आल्यानंतर सरांनी पहिलं चित्र पाठवलं, तेव्हा गुंता आनंदाने वेडी झाली. गणितात वेडं व्हायला फारसं काही लागत नाही, पण हे खरंच जबरदस्त होतं.

गुंता हे नाव सरांनीच ठेवलेलं. विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा तिची चित्रं तशीच असायची. दोघांचा धंदा एकच: कागदावर ठिपके काढायचे, ते दोऱ्यांनी जोडायचे आणि प्रत्येक ठिपक्याभोवती कुठल्या दोरीनंतर कुठली येते तो क्रम पक्का धरायचा. याला ते नकाशा म्हणत. मग एका नकाशातला एक ठिपका उपटायचा, त्या भोकात दुसरा अख्खा नकाशा बसवायचा आणि सुटलेल्या दोऱ्या क्रमाने बांधायच्या. आधी हा बसवा की आधी तो, शेवटी हाती तेच आलं पाहिजे. एवढं सिद्ध करण्यात सरांचे केस गेले होते. काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या मते ते लग्नातच नव्हते.

नव्या चित्रांत दोऱ्या ठिपक्याच्या फक्त उजवीकडून निघत आणि पुढच्या ठिपक्याच्या जरा अलीकडेच थांबत. निघायच्या, पण पोचायच्या नाहीत. असलं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. गुंताने जेवणखाण सोडून त्यांचे नियम मांडले, अर्ध्या दोऱ्या असं बारसं केलं आणि विभागात सांगून टाकलं, "सर आजारपणातसुद्धा आपल्या पुढे आहेत." विभाग आधीच उदास होता, तो आणखी झाला.

मग ती कागद घेऊन सरांच्या घरी गेली. सर जेवायच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी तिची मांडणी वाचली आणि कागदावर थाप मारली.

"बघ गं," ते काकूंना म्हणाले, "डोकं शाबूत आहे माझं. डॉक्टरला म्हणावं, हे सोडवून दाखव."

"आधी जेवा," काकू म्हणाल्या. "दाढीसुद्धा अर्धीच केलीत. उरलेली काय माझ्यासाठी ठेवलीत?"

गुंता हसली. सर जेवले आणि झालं म्हणून त्यांनी हात पुसले. ताटाची उजवी बाजू लख्ख होती. डावीकडे भात, भाजी, सगळं जसंच्या तसं. काकूंनी ताट फिरवलं.

"अरे वा, अजून आहे की!" म्हणत सर पुन्हा जेवायला लागले.

गुंताने आपले कागद पुन्हा पाहिले. नवं काही नव्हतंच. सरांना प्रत्येक ठिपक्याची डावी बाजू दिसत नव्हती, इतकंच. आणि तिने त्या आजाराचे नियम मांडले होते. नीट, क्रमांक घालून.

गप्प राहणं सोपं होतं. पण विभागात सांगून झालं होतं, अर्ध्या दोऱ्या आता जगापुढे जाणार होत्या, आणि चुकीचं काही पुढे सरकलं की सरांना झोप लागत नसे. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काकू ताट ठेवून परत येऊन बसल्यावर तिने सरांचं एक चित्र त्यांच्यापुढे उलटं, खालची बाजू वर करून ठेवलं.

सरांनी चष्मा सरळ केला. "हे काय? हे ठिपके टकले का? एकालाही दोरी नाही. कुठल्या गाढवाने काढलंय?"

"मी, सर."

"लाज वाटत नाही? इतकी वर्षं माझ्याकडे काढलीस आणि क्रम धरता येत नाही? दोरी दिसत नाही म्हणजे नसतेच का?"

त्यांचा आवाज अगदी पूर्वीसारखा चढला होता. गुंता मान खाली घालून ऐकत राहिली. तिला तो थांबायला नको होता. पण तो थांबला. सर एका ठिपक्यावर बोट ठेवून बसले होते. मिऱ्याएवढा, दोनदा गिरवलेला ठिपका.

"गुंता," ते हळूच म्हणाले, "ठिपके माझ्यासारखे काढायला कधी शिकलीस?"

त्यांचं बोट तिथेच राहिलं.

"माझ्या डाव्या हाताला काय काय आहे, सांग बरं," ते म्हणाले. "क्रमाने सांग. गाळू नकोस."

"खिडकी," ती म्हणाली. "मग कपाट. कपाटावर औषधं. मग काकू."

"ही कधी आली?"

"इथेच बसल्यात, सर. मघापासून."