पडद्यावर न मावलेला फॉर्म

माझ्या ऑनलाइन सेंटरचा मोठा मॉनिटर परवा जळाला आणि माळ्यावरचा जुना चौकोनी डबा खाली काढावा लागला. नेमका आज वसतिगृहाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. धनजजवळच्या तांड्यावरची ललिताबाई लेकीला, रुचिकाला, घेऊन आलेली. फॉर्म गेला तर पोरगी वसतिगृहात राहून पाचवी शिकणार. नाही गेला तर आईबापाबरोबर सहा महिने ऊसतोडीला. टोळीची गाडी बाहेर उभीच होती.

फॉर्म त्या डब्यात मावेना. वर पालक म्हणून आईच्या फोटोची चौकट, तळाला ‘सादर करा’चं बटण, आणि बटण पडद्याच्या बाहेर. झूम कमी केलं, पोर्टल ढिम्म. शेवटी डेस्कटॉपच मॉनिटरपेक्षा मोठा करायला घेतला. पडदा तेवढाच राहतो, पण माऊस कडेला नेला की लपलेला भाग सरकत समोर येतो. त्याला कमांडची एकच ओळ लिहावी लागते, पण आकडा चुकला की सगळं काळं. दोनदा काळं झालं. मी कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“ओ ताई, होऊन राह्यलं का नाई? गाडी कवाची थांबली!” दारातून भाऊसिंग ओरडला. हा ललिताबाईच्या नवऱ्याचा मोठा भाऊ आणि टोळीचा मुकादम.

तिसऱ्यांदा जमलं. ललिताबाई माझ्या मागे स्टुलावर, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली. बटण दाबलं की कॅमेरा फोटो घेणार आणि तो वरच्या चौकटीत बसणार. मी माऊस खाली नेला, पडदा सरकला, फोटोची चौकट वर निघून गेली, बटण आलं. दाबलं.

‘चेहरा दिसत नाही.’

पुन्हा दाबलं. तेच. वाटलं, माझ्या मापातच घोळ आहे. डेस्कटॉप लहान केला, मोठा केला, परत काळा केला. ‘चेहरा दिसत नाही.’ डोकं असं तापलं की मॉनिटर उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला.

“राहू दे ना ताई,” मागून ललिताबाई म्हणाली. “पोरीच्या नशिबात नाई.”

“नशिबाले कायले बोल लावता! बसा चूप!” मी खेकसले आणि रागाच्या भरात माऊस वर ढकलला. चौकट खाली सरकत आली.

तिच्यात ललिताबाई होती. हनुवटीपर्यंत पदर ओढलेली. दारात जेठ उभा, त्याच्यासमोर ती तोंड उघडं कसं ठेवणार? नाचता येईना अंगण वाकडं. अर्धा तास मी पडद्याशी भांडत होते, पण मागे वळून एकदाही पाहिलं नव्हतं.

“भाऊ, तुमी गाडीत जाऊन बसा!”

“काहून?”

“बसा म्हन्ते ना!”

तो गेला. पदर वर झाला. मी बटण दाबलं. फॉर्म गेला.

ललिताबाईने रुचिकाच्या केसांवरून हात फिरवला आणि ती बाहेर पडली. वसतिगृहाच्या बाई न्यायला येईपर्यंत पोरगी माझ्याकडेच थांबणार होती. हॉर्न वाजला, गाडी गेली. मी पावती छापायला घेतली.

रुचिका पडद्याजवळ आली. तिथे नुसता फॉर्मचा तळ दिसत होता.

“ताई,” ती म्हणाली, “मले आई दाखवा ना.”

मी माऊस वर नेला आणि तिथेच ठेवला.