झाडावर एकही फूल नाही

तेजलच्या त्या व्हिडिओखाली कुणा जाणकाराने लिहिलंय, 'फुलांवरचं गाणं, आणि झाडावर एकही फूल नाही! दिग्दर्शकाच्या धाडसाला सलाम.' चारशे लोकांना ते पटलंय. मी तेजलची थोरली बहीण, भाग्यश्री. ते वाचल्यापासून मला हसू आवरत नाही आणि थोडा रागही येतो. धाडस कसलं डोंबलाचं! त्या दिवशी सायखेड्याला आमच्या शेतात काय घडलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तेजल गाते. बी. फार्मसीचं तिसरं वर्ष सोडून गाते. दोन वर्षांपूर्वी तिने घरी हे सांगितलं तेव्हा अण्णा तासभर बोलले आणि आई फक्त 'बरं' म्हणाली. त्यानंतर तेजल माझ्याकडे नाशिकला, इंदिरानगरात राहायला आली. माझ्या मागच्या खोलीच्या भिंतींना तिने माझ्याच लग्नातल्या गोधड्या ठोकल्या आणि आतून कडी लावून गाणी केली. ती गात असली की मिक्सर बंद, पंखा बंद, माझ्या नवऱ्याचं, दीपकचं घोरणंसुद्धा बंद. आठ गाण्यांचा अल्बम झाला, 'खिडकीची जागा'. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात नीट कान दिलात तर माझ्या कुकरची शिट्टी ऐकू येते. मानधन मिळालेलं नाही.

अल्बम बरा चालला. मग म्युझिक कंपनीने ठरवलं की तोच अल्बम पुन्हा काढायचा, पण आता प्रत्येक गाण्याला व्हिडिओ आणि वर दोन नवी गाणी. याला ते 'व्हिज्युअल एडिशन' म्हणतात. आमच्याकडे कालच्या भाताला फोडणी देतात तसलाच प्रकार, पण असो. भात चांगला असेल तर फोडणीचा जास्त खपतो, हे मीच कबूल करते.

आठव्या गाण्यापाशी घोडं अडलं. ते गाणं आईवरचं होतं. आमच्या घरी टोमॅटो अण्णांचे आणि झेंडू आईचा. दीड एकर झेंडू तिने एकटीच्या हिमतीवर उभा केलाय. तेजलने लिहिलं होतं:

*उन्हाची उभी तू फुलं तोडताना,*
*कुणाला अशी हाक देतेस आता?*

गाणं येऊन आठ महिने झाले होते आणि आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ना चांगला, ना वाईट. फोनवर ती तेजलला जेवलीस का विचारायची, पाऊस सांगायची, बायडाबाईच्या सुनेचं सांगायची. गाण्याचं नाव नाही. तेजलही हट्टी, तिने विचारलं नाही. पण एकदा माझ्यापाशी रडली. "ताई, अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं गं. तिने शिवी दिली असती तरी चाललं असतं."

म्हणून तिने ठरवलं, या गाण्याचा व्हिडिओ आईच्याच शेतात करायचा. पिवळ्या-केशरी झेंडूत आई आणि ती. मग तरी काहीतरी बोलेल. कंपनीने या गाण्याला एकच दिवस दिला. त्या दिवशी झालं तर झालं, नाहीतर काळ्या पडद्यावर नुसते शब्द सरकणार. दसऱ्याला पाच दिवस होते, शेत फुलांनी नुसतं पेटलं होतं. तेजलने आईला फोनवर बजावलं, "मंगळवारी सकाळी दहाला माणसं येतील. मला फुलं लागतील, सगळीच्या सगळी." आई म्हणाली, "बरं."

मंगळवारी आम्ही दहाला पोचलो. तेजल, मी, दिग्दर्शक ज्ञानेश, कॅमेरेवाले दोघे आणि स्पीकर घातलेली एक गाडी. ज्ञानेश पुण्याचा, अंगाने काडी, बोलायला गोड. बांधावर उतरला आणि उभाच राहिला.

शेत हिरवंगार होतं. दीड एकरात औषधालासुद्धा फूल नव्हतं.

आणि शेडमध्ये, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, प्लास्टिकच्या जाळीची कॅरेटं एकावर एक रचलेली. फुलांची पार कौलापर्यंत थप्पी. आई इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन, लग्नघरातल्या यजमानिणीसारखी उभी. तिच्यामागे बायडाबाई, सखुबाई, चिमणाबाई, तिच्या रोजच्या तोडणीच्या बाया. आईसकट चौघी घामाघूम आणि खूश.

"या," आई म्हणाली. "चार वाजल्यापासनं लागलो व्हतो. एक फूल ठिवलं नाय."

तेजलचा आवाज फुटला, तो सगळा बांध ओलांडून. "आई! झाडावर पाहिजे होती गं फुलं! झाडावर!"

"झाडावर?" आईला खरंच कळेना. "पाव्हणे यायचे आन् शेतात फुलं तशीच? लोक काय म्हणतील, सिंधुबाईला तोडायला बाया गावल्या नाय? तूच म्हणली ना, सगळीच्या सगळी लागतील? म्हणून टेम्पोबी मागं लावला."

दसऱ्याच्या तोंडावर टेम्पो परत पाठवला होता तिने. नाशिकच्या फुलबाजारात त्या आठवड्यात झेंडूला काय भाव असतो ते आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी तेजलकडे पाहिलं. तिलाही ते कळलं होतं, आणि म्हणून तिला नीट चिडताही येईना. ती बांधावर बसली आणि ओढणीत तोंड घालून मुसमुसू लागली. मला आई आणि तेजल दोघींच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला. दोन वर्षं दोघी 'बरं' आणि 'हो' वर काढतात, मग दुसरं काय होणार?

ज्ञानेशने शेवटचा प्रयत्न केला. "काकू, दोऱ्याने परत बांधता येतील का? पुढच्या चार सऱ्या तरी?"

बायडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, तोडलेलं फूल झाडाला बांधायला आमी काय खुळ्या हाय का?" बाया खो खो हसल्या. ज्ञानेशही हसला बिचारा. मग म्हणाला, आलोच आहोत तर गाणं एकदा लावून बघू, शेडमध्ये काही जमतंय का. बायांना सांगितलं, तुम्ही आपल्या माळा ओवत बसा, कॅमेऱ्याकडे बघू नका.

स्पीकर लागला. सुरुवातीची गिटार वाजली. तेजल डोळे पुसून दाराशी उभी राहिली, तोंड उघडायच्या तयारीत.

तिच्या आधी बायडाबाईने तोंड उघडलं.

मग सखुबाईने, मग चिमणाबाईने. खाली मान घालून, सुईत फुलं ओवत, ओव्या म्हणाव्यात तशा सुरात त्या चौथ्या ओळीपर्यंत एकही शब्द न चुकता गेल्या. कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, सगळं ठाऊक. मी तर बघतच राहिले. आणि मग ती ओळ आली. स्पीकरमधली तेजल 'उन्हाची उभी तू' म्हणाली, आणि तिघी बाया एका सुरात म्हणाल्या:

*पहाटे उभी तू फुलं तोडताना...*

ज्ञानेशने हात वर करून गाणं थांबवलं. "एक मिनिट. तुम्हाला हे गाणं कुठून येतं?"

"कुठून म्हंजी?" बायडाबाई म्हणाली. "रोज पहाटं ही मोबाईल कमरेला खोचती आन् हेच लावती. आठ म्हैनं झालं. दुसरं लाव म्हणलं तर ऐकत नाय. आमच्या पार कानाला घट्टे पडले!"

आईने पदर तोंडावर ओढला. सगळ्या शेडमध्ये तिला बघायला एक सुईच तेवढी उरली होती.

"आणि पहाटे?" तेजलचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी उन्हाची म्हटलंय."

"उन्हाची कोण फुलं तोडतं?" आई सुईकडे बघतच म्हणाली. "मलूल व्हत्यात. पह्यल्यांदा ऐकलं तवाच ध्यानात आलं. मंग बायांना नीट करून दिलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कवा इचारलं?"

आईने आता मान वर केली. रागावली नव्हती, नुसतं खरं ते सांगत होती. "तू आठला उठायची, बाळा. भाकरी घेऊन बांधावर यायची, तवा मी उन्हात उभी दिसायची तुला. पर ते तोडणं नसायचं. तोडणी उरकून तुझीच वाट बघत असायची मी."

तेजल जाऊन तिच्या मांडीत पडली, चांगली फुलांच्या ढिगातच. दोघी रडल्या. मीही रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही. कॅमेरेवाला सांगत होता की हे सगळं चालू कॅमेऱ्यात आलंय, आणि ज्ञानेश त्याला गप्प राहा म्हणून खुणावत होता.

व्हिडिओत तुम्ही जे पाहता ते हेच. मागे रिकामं हिरवं शेत, पुढे माळा ओवणाऱ्या बाया, आणि तेजल नव्याने गाते ती ओळ, 'पहाटे'. जुन्या अल्बममध्ये अजून ऊनच आहे. टेम्पो दुपारी परत बोलावला, तो कुरकुरत आला.

त्या दिवशी आम्ही दोघी सायखेड्यालाच राहिलो. पहाटे चारला अंधारात आईची हाक आली. "तेजे, ऊठ. तोडायला चल."

शेतात तोडायला काही नव्हतं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. तेजल उठली, चपला शोधल्या आणि तिच्यामागे गेली.