दोन घंट्यांची पात

आईने कमरेला झोळी बांधली, चार ओळींची पात धरली आणि कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत शिरता शिरता मागे न बघता म्हणाली,

"हं, कर सुरू."

शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या पळसाखाली पोत्यावर बसलेल्या सुनयनाने प्रश्नपत्रिका उघडली. शंभर प्रश्न, दोन तास. घरातला एकुलता एक मोबाइल वडिलांच्या खिशातून गुडीहत्नूर गावाला गेलेला असायचा, म्हणून घड्याळाचं काम आईकडे आलं होतं. चार ओळी वेचत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जायचं, शेजारच्या चार ओळी वेचत परत यायचं, की झाले दोन घंटे. हा हिशोब आईचाच. वीस वर्षं कापूस वेचलेल्या बाईवर शंका कोण घेणार?

परीक्षा रविवारी होती. गावची शाळा सातवीला संपते. पुढे शिकायचं तर निर्मल शहरातलं निवासी हायस्कूल, आणि तिथे जायचं तर ही परीक्षा. नंबर लागला तर वसतिगृह, नाहीतर जूनपासून आईच्या शेजारची पात, असं वडिलांनी, उत्तमरावांनी, एकदाच आणि न ओरडता सांगितलं होतं. न ओरडता सांगितलेल्या गोष्टी ते बदलत नसत.

शाळेतल्या संतोष सरांचा सल्ला एकच होता: डोकं शांत ठेव. घरादाराने तो इतका मनावर घेतला की शांततेचाच गोंगाट झाला. वडील टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसत आणि कुणाच्या हातून भांडं पडलं की सगळ्यांत मोठ्याने तेच 'हळू' म्हणत. खरी शांतता होती ती शेतात. संक्रांतीच्या सुट्ट्या, कोवळं ऊन, आणि नजर जाईल तिथवर फुटलेली बोंडं. सकाळी उतरलेलं धुकं परत जायचं विसरून गेलंय, असंच सुनयनाला वाटायचं.

ती मुळातच हरवणारी मुलगी. दोनशे चाळीस मीटर लांबीची गाडी एक खांब बारा सेकंदांत ओलांडते, तर तिचा वेग किती, एवढंच कागदावर विचारलेलं असे. सुनयनाला ती गाडी दिसायची. मंचेरियलची, कोळशाने भरलेली. मंचेरियल तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते तिला हवं तसं दिसायचं. ती शेवटच्या डब्यात चढायची, दोन स्टेशनं फिरून यायची, खांबापाशी उतरायची आणि मग उत्तर लिहायची. उत्तर बरोबर असायचं. शंभरावा प्रश्न संपवून ती पेन्सिल खाली ठेवायची तेव्हा आई नेमकी धुऱ्यावर पोचत असायची. इतक्या दिवसांत एकदाही चुकामूक झाली नव्हती. वेळ आपल्याला पुरून उरतो ही खात्री पोरीच्या अंगात मुरली, आणि रात्री झोपही छान लागू लागली.

शेजारच्या शेतातली शकुबाई तेवढी आईला चिडवायची. कौशल्याबाई यंदा म्हातारी झाली म्हणायची, हिची पात सरता सरत नाही. आई हसायची आणि पुढचं बोंड धरायची.

बुधवारी आई पऱ्हाटीत शिरली आणि थोड्याच वेळात संतोष सर फटफटीवरून शेतात आले. एक तरी पेपर आपल्या डोळ्यांसमोर व्हावा असं त्यांना वाटत होतं. त्यांनी मोबाइलवर दोन तास लावले आणि सुनयनाला पहिल्यापासून सुरू करायला सांगून ते पळसाला टेकून बसले. सुनयना नेहमीसारखी शांतपणे लिहीत गेली, नेहमीसारखी गाडीत बसून फिरूनही आली. मोबाइल वाजला तेव्हा तिचे चोवीस प्रश्न राहिले होते. आई अजून परतीच्या पातीत, अर्ध्या वाटेवर होती.

मोबाइलच चुकला असं सरांना आधी वाटलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग घरी वेळ कोण बघतं असं विचारलं. सुनयनाने पऱ्हाटीकडे बोट दाखवलं.

आई आली. झोळी अर्धीसुद्धा भरली नव्हती. सर रागावले नाहीत. उरलेल्या दिवसांत खऱ्या वेळेची सवय करा, एवढं सांगून ते गेले, आणि मायलेकी समोरासमोर राहिल्या.

"तुले मालूम होतं?" सुनयनाने विचारलं.

"हो."

"मंग काऊन केलं, माय?"

आई झोळीतल्या कापसातला पाला वेचत राहिली.

"पयल्या दिवशी तुह्यं झालं नव्हतं. मान खाली घालून लिहून राह्यली होती तू. म्हटलं, जरा हळू जाव." पाला संपला होता तरी तिची बोटं थांबली नाहीत. "मंग रोजच हात हळू चालले. मले वाटे, तू लिहून राह्यली तवर इथंच हायेस."

सुनयनाला राग आला होता. आता त्या रागाचं काय करायचं ते तिला कळेना. तिने पोतं झटकलं, घडी घातली आणि रडू आलं तेव्हा तोंड फिरवून घेतलं.

गुरुवारी आईने पदर खोचला आणि ती पऱ्हाटीत शिरली. आईचा खरा वेग सुनयनाने कधी पाहिलाच नव्हता. दोन्ही हात दोन झाडांवर, बोंड रिकामं होण्याआधी नजर पुढच्या बोंडावर. बघता बघता ती लहान दिसू लागली. सुनयनाने मान खाली घातली. गाडी आली, तिला जाऊ दिलं, उत्तर लिहिलं. तरी त्या दिवशी पंधरा प्रश्न राहिले. शुक्रवारी नऊ राहिले, आणि तिला धड जेवण गेलं नाही.

शनिवारी आई आली तेव्हा झोळी पोटावर तट्ट फुगली होती आणि तिला धाप लागली होती.

"झाले दोन घंटे."

"दोनच राह्यले, माय. थांब ना जराशी."

आई थांबली. एक क्षण खरंच थांबली, पलीकडे बघत. मग ती वाकली आणि तिने सुनयनाच्या मांडीवरची प्रश्नपत्रिका धरली. सुनयनाने ती घट्ट पकडली. आई ओढत राहिली, पोरीची बोटं सुटेपर्यंत.