साखर न घातलेली कॉफी

गल्लीत सगळेच तिला वहिनी म्हणत. कॉफीचं दुकान नवऱ्याचं. पण तो मागच्या खोलीत बिया भाजायचा आणि तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प असायचा. यंत्र, दूध आणि गिऱ्हाइकांचे रुसवेफुगवे वहिनीच्या वाट्याला. वहिनी म्हणत नसे ती फक्त नणंद. ती नवऱ्याहून मोठी, जवळच्याच एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ. भावजयीला हाक मारायची वेळ आलीच तर ती ‘ऐक गं’ म्हणायची, तेही दुसरीकडे बघत.

दोघींमध्ये सासूबाई. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि रोज सकाळी नऊला खाली उतरून खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र घेऊन बसायच्या. साईचं दूध घातलेली, दोन चमचे साखरेची कॉफी हे त्यांचं सुख. मग रक्ततपासणीत साखर वाढलेली निघाली आणि नणंद हातात कागद घेऊन दुकानात आली.

साईचं दूध बंद, साखर बंद, चॉकलेटचं सिरप तर नावालाही नको. आईसाठी ओटचं दूध. खोक्यावर ठळक लिहिलेलं होतं, ‘साखर घातलेली नाही’. नणंदेनं ते बोट ठेवून वाचून दाखवलं, पहिलीत बसवल्यासारखं. हे दूध हलकं, तेव्हा आईनं दोन मोठे ग्लास प्यायले तरी हरकत नाही, असं सांगून तिनं दुकानाच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात ‘ओट लाटे : मधुमेहींसाठी उत्तम’ असं लिहिलं. फळा पुसायचा नाही, असंही बजावलं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 

तिसऱ्या दिवशी तिनं ते दूध कॉफीशिवाय, नुसतं गरम करून चाखलं. गोड लागलं. गाईचं दूध तापवल्यावर जो मंद गोडवा येतो तो हा नव्हे. हा जिभेवर चिकटून राहणारा. तिनं खोका उलटा केला. मागे बारीक अक्षरात सगळं होतं: एका ग्लासात सोळा ग्रॅम कर्बोदकं, त्यातली निम्मी साखर. दूध पोचवणाऱ्या माणसाला विचारलं तेव्हा त्यानं सहज सांगितलं, की कारखान्यात ओट दळून त्यात एक द्रव्य घालतात, त्यानं पिठाचीच साखर होते. वरून घालावी लागत नाही, म्हणून ‘घातलेली नाही’ हे खरंच.

वहिनीनं खोका पुन्हा फडताळात ठेवला, पुढची बाजू पुढे करून. सांगायला गेलं तर ‘आता तू मला शिकवणार का’ हे ऐकावं लागणार, हे तिला पाठ होतं. त्यापेक्षा बाई स्वतःच्या पायानं खड्ड्यात जाऊ दे. तिनं फळा पुसला नाही आणि रोज दोन मोठे ग्लास भरून सासूबाईंपुढे ठेवत राहिली.

सासूबाई सारखं पाणी मागू लागल्या. वर्तमानपत्र डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागल्या, मग मथळे तेवढे वाचू लागल्या. वहिनीच्या नजरेतून यातलं काही सुटलं नाही. ती पाण्याचा तांब्या भरून टेबलावर ठेवायची आणि यंत्राकडे वळायची. एकदोनदा जिभेवर आलं होतं. पण नेमकी त्याच दिवशी नणंद येऊन कपांच्या कडा बोटानं तपासून गेली, आणि शब्द परत घशाखाली गेले.

पंधराव्या दिवशी नणंद भरल्या दुकानात शिरली. हातात आईच्या तपासणीचा नवा कागद होता. तिनं आवाज चढवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच ठेवला.

“आईच्या कॉफीत साखर कोण घालतं?”

रांगेतली माणसं जमिनीकडे बघू लागली. नवरा मागच्या दारात आला आणि तिथेच थांबला. वहिनीनं वाफेचा नळ बंद केला, दुधाचं भांडं खाली ठेवलं. कोणी घालत नाही, असं ती म्हणाली. नणंद म्हणाली, साखर काही हवेतून येत नाही. माझ्यावरचा राग आईवर काढतेस, एवढं तरी कबूल कर. दोन गिऱ्हाइकं कॉफी न घेताच निघून गेली.

“उद्या सकाळी या,” वहिनी म्हणाली. “तुमच्या हातानं करा. रक्त तपासायचं यंत्र घेऊन या.”

नणंद आली. तिनं ग्लास स्वतः विसळला, नवा खोका स्वतः फोडला, वहिनीला दोन हात लांब उभं केलं. उपाशीपोटी सासूबाईंची साखर एकशे सव्वीस. ओटच्या दुधाचा मोठा ग्लास प्यायल्यावर तासाभरानं दोनशे एक. नणंदेनं दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिलं. आकडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं लहान कपात दुहेरी एस्प्रेसो काढली आणि त्यात जेमतेम अर्धा पेला साधं गाईचं दूध घातलं. एकशे एकोणतीसवरून एकशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी बिनगोडाचं सोयादूध, तेवढंच. साखर नऊ अंकांनी वाढली, बस्स.

कॉफीचा दोष नव्हता. तिच्यात पडणाऱ्या दुधाचा होता, आणि ग्लासाच्या आकाराचा. नणंद त्या तीन आकड्यांकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. माफी मागण्याऐवजी तिनं कंपनीला दोष दिला, खोक्यावर असं छापायलाच नको होतं, अशी लेबलं म्हणजे लोकांची फसवणूक, असं काहीबाही बोलली.

ही घटका वहिनीनं पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून राखली होती. तिनं खोका आणला, टेबलावर आदळला आणि उलटा फिरवला.

“पुढे काय छापलंय ते कोणीही वाचतं, वन्सं. मागची बाजू वाचायला शिकायचं असतं. मी तिसऱ्याच दिवशी वाचली.”

बोलून झालं तेव्हा तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं एका श्वासापुरतंच टिकलं. कारण नणंद काही बोलायच्या आत सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी केली.

“तिसऱ्या दिवशी,” त्या म्हणाल्या.

वहिनीनं खोका टेबलावरून उचलला.

“म्हणजे पुढचे सगळे दिवस तू मला ते माहीत असून पाजलंस.” मग लेकीकडे वळून त्याच सुरात, “आणि तू न वाचता पाजलंस.”

नणंद आईच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तो त्यांनी झटकला नाही. नुसत्या उठल्या, त्यामुळे हात हवेत राहिला. वहिनी सांगू लागली, की रोज बोलणार होते, पण तुम्हीच बघता ना त्या कशा बोलतात. मध्येच तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती थांबली. पाण्याचा तांब्या अजून टेबलावर होता. तिनंच भरलेला.

दुसऱ्या दिवशी नऊला सासूबाई खाली आल्या आणि खिडकीकडे न जाता सरळ काउंटरच्या आत शिरल्या. पदर खोचला.

“हे यंत्र कसं चालतं ते दाखव. कामापुरतंच बोल.”

वहिनीनं दाखवलं. भुकटी किती, दाबायची किती, धार कधी थांबवायची. पहिला कप कडूजहर झाला, दुसरा पाणचट. तिसरा सासूबाईंनी प्यायला. नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा मध्ये पडायचा प्रयत्न केला, आईला म्हणाला, जाऊ दे ना आता. त्यांनी त्याला बिया करपतायत म्हणून सांगितलं. खरोखरच करपत होत्या.

नणंद आता दुकानात पाऊल टाकत नाही. फळ्यावरची ओळ वहिनीनं पुसली आणि तिथे प्रत्येक दुधाची साखर लिहिली. त्यातला एक आकडा चुकीचा असल्याचा निरोप नणंदेनं भावाकरवी धाडला. वहिनीनं तो पडताळून पाहिला. चुकीचा होता. तरी तिनं दोन दिवस तसाच ठेवला.

सासूबाई रोज स्वतःची कॉफी स्वतः करतात, कप स्वतः धुतात. तासाभरानं बोटाला टोचून आकडा एका वहीत लिहितात. वहिनी टेबल पुसायला जवळ आली, की वही मिटतात. लेकीचा फोन आला, तर बरी आहे म्हणतात आणि ठेवून देतात. आकडा त्या दोघींपैकी कोणालाही सांगत नाहीत.