पेडलवरचा पाय

आमच्या जुन्या जीपचा कार्ब्युरेटर काढून तिथे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवावे, ही मागणी सूनबाईची. ती जनावरांची डॉक्टर. वरच्या वस्तीचा चढ असा उभा, की जीप तिरकी होताच कार्ब्युरेटरमधले पेट्रोल एका कडेला जाई आणि इंजिन मान टाकी. मागच्या खेपेस आमचे चिरंजीव चढावर बॉनेटमध्ये डोके घालून उभे असताना वर एका बाईची गाभण गाय वासरासकट गेली.

"आई, जीप नीट होऊ द्या आणि मला चालवू द्या," सूनबाई मला म्हणाली. "नाहीतर मी शहरातल्या दवाखान्यात नोकरी धरते. दुसऱ्यांच्या सवडीने जनावरं मरताना मला नाही बघवत."

वस्तीला दुसरा डॉक्टर नव्हता. परंतु आमच्या घरात नियम होता: यजमानांनी शेजारी बसवून ज्याला शिकवले, त्यानेच जीप चालवायची. सूनबाई गाडी शिकून आलेली, पण घरात आली ती यजमान गेल्यानंतर; त्यामुळे तिच्या वाट्याला शेजारची सीट. "आधी जीप चढू दे," मी म्हटले. "चालवायची कोणी, ते मी ठरवीन."

चिरंजीव पुलांचे इंजिनियर. पूल जागचा हलत नसल्याने त्या धंद्यातल्या चुका उशिरा कळतात. जावईबापूंनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून सल्लागारपद पत्करले, कारण त्यात हात काळे होत नाहीत. प्रत्यक्ष काम मिस्त्रीने केले. तोही यजमानांच्याच हाताखाली तयार झालेला. टाकीत नवा पंप बसला, धुराच्या नळीत सेन्सर बसला, डॅशबोर्डखाली कॉम्प्युटरची डबी बसली. कार्ब्युरेटर फडताळात गेला. मग सर्वांनी हात धुतले आणि चिरंजीव गादीवर बसावे तसे ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

यजमानांची शिस्त अशी: आधी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, मगच किल्ली फिरवायची. चिरंजीवांनी पाय दाबला, किल्ली फिरवली. इंजिन घरघरले, घरघरले आणि गप्प झाले.

"बॅटरी," जावईबापू म्हणाले.

बॅटरी बदलली. मिस्त्रीने पाय दाबला, किल्ली फिरवली. घरघर.

"प्लग कोरडे ठाक आहेत, बाईसाहेब," प्लग काढून पाहत तो म्हणाला. "पेट्रोल येतच नाही."

"पंप वाजतोय की!" चिरंजीव म्हणाले.

"वाजतोय हो दादा. पण वाजून काय करायचं?"

टाकी धुतली. फिल्टर बदलला. वायरी उपसल्या आणि पुन्हा गुंडाळल्या. जावईबापूंनी डबीतच दोष असल्याचे जाहीर केले आणि चहा मागितला. अखेर मी स्वतः सीटवर बसले. या घरात माझा शब्द कुणी मोडलेला नाही. मी पाय दाबला, तोही सर्वांपेक्षा जोरात. जीपने माझाही मान ठेवला नाही, तेव्हा मी खाली उतरले.

"भंगारवाल्याला बोलावू का, आई?" चिरंजीवांनी विचारले.

तेवढ्यात सूनबाई औषधांची पेटी घेऊन धावत आली. वस्तीवरून फोन होता; म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता.

"झाली का सुरू?"

"झाली असती तर असे उभे राहिलो असतो?" चिरंजीव खेकसले.

तिने पेटी बगलेत मारली. बाहेरूनच खिडकीतून हात घातला आणि रागारागाने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले, आणि असे संथ चालू लागले की जावईबापूंच्या हातातला कपही हलला नाही.

"थांब, थांब! मला बघू दे," म्हणत चिरंजीवांनी जीप बंद केली, आत बसले, पाय तळाला नेला, किल्ली फिरवली. घरघर.

तेव्हा कुठे त्यांना इंजेक्शन बनवणाऱ्या कंपनीला फोन करण्याची सुबुद्धी झाली. पलीकडचा मुलगा सौजन्याने म्हणाला, "सर, सुरू करताना पेडल पूर्ण दाबलं, तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय असं कॉम्प्युटर समजतो आणि पेट्रोल बंद करतो. पेडलला पाय लावायचाच नाही."

म्हणजे घरातली सगळी शहाणी माणसे त्या यंत्राला 'पेट्रोल देऊ नकोस' असे पाय रोवून बजावत होती, आणि ते देत नाही म्हणून त्यालाच शिव्या घालत होती. बिचारे आज्ञाधारक निघाले. इतके आज्ञाधारक आमच्या घरात कोणी नाही.

"आई, आता कळलं ना, मी नेतो हिला वर," चिरंजीव म्हणाले.

"खाली उतर," मी म्हटले. "ज्यांना बाबांनी शिकवले त्यांनी बंद पाडली, जिला शिकवले नाही तिने सुरू केली. किल्ली आजपासून तिची."

"अगं आई, पण बाबांचा नियम—"

"नियम त्यांनी केला होता, मी राखला होता, आणि आता मीच मोडते आहे. तुला विचारले?"

सूनबाईने माझ्याकडे एकदा पाहिले. आभार मानण्यात तिने वेळ घालवला नाही, हे मला आवडले. पेटी सीटवर टाकून ती निघाली. चढावर जीप तिरकी झाली आणि इंजिनाचा आवाज तसूभरही न बदलता ती वळणाआड गेली.

"आई," चिरंजीव थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मग उद्या मी साइटवर कसा जाऊ?"

"ती परत आली की तिला विचार," मी म्हटले. "आणि नीट विचार. आता तिच्या सवडीने जायचे आहे."